टोंगा आणि रग्बी लीग : एका लहान राष्ट्राच्या क्रीडासमाजाचे वाढीचे वर्ष (२०१७)

प्रास्ताविक

एखाद्या देशात एखादा खेळ वाढला असे म्हटले म्हणजे सामान्यतः तीन गोष्टी अभिप्रेत असतात. त्या देशात खेळणाऱ्यांची संख्या वाढली, त्या देशात मैदाने व मंडळे वाढली, आणि त्या देशाच्या संघाने अन्य देशांवर पूर्वीपेक्षा अधिक विजय मिळविले. या तिन्ही गोष्टी एकाच भूमीवर, एकाच राष्ट्राच्या सीमेत आणि परस्परांच्या आधाराने घडतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. दक्षिण पॅसिफिक महासागरातील टोंगा या राज्याच्या रग्बी लीग संघाने २०१७ मध्ये जी मजल मारली, ती या गृहीतकाला धक्का देणारी आहे. सुमारे १ लक्ष लोकवस्तीच्या या देशाने विश्वचषक स्पर्धेत न्यूझीलंडचा पराभव केला आणि उपांत्य फेरीत इंग्लंडला अखेरच्या क्षणापर्यंत झुंजविले. परंतु त्या स्पर्धेतील त्याच्या पाच सामन्यांपैकी एकही सामना टोंगाच्या भूमीवर झाला नाही. संघातील बहुतेक खेळाडूंची कर्मभूमी, आणि कित्येकांची जन्मभूमीही, टोंगाबाहेरची होती. प्रेक्षागारे लाल रंगाने भरून गेली ती ऑकलंड व हॅमिल्टन या न्यूझीलंडच्या शहरांत.

तेव्हा वाढ झाली हे निश्चित. पण ती कोणाची झाली, कोठे झाली आणि कशाच्या बळावर झाली, हे प्रश्न शिल्लक राहतात. समाजशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नांना महत्त्व आहे. राष्ट्र, भूमी आणि नातेसंबंध यांचा परस्परसंबंध स्थलांतराच्या युगात कोणते रूप घेतो, याचे एक स्वच्छ उदाहरण येथे हाती लागते. प्रस्तुत लेखात प्रथम या खेळाचे व देशाचे स्वरूप, नंतर २०१७ मधील घटनाक्रम व त्याची कारणे, आणि शेवटी या वाढीची मर्यादा, अशा क्रमाने विवेचन केले आहे.

खेळाचे स्वरूप व त्याचा सामाजिक उगम

रग्बी या नावाने ओळखले जाणारे खेळ दोन आहेत. ‘रग्बी युनियन’ हा पंधरा खेळाडूंचा खेळ, आणि ‘रग्बी लीग’ हा तेरा खेळाडूंचा. या दोहोंची फारकत खेळाच्या तंत्रावरून झाली नाही; ती मजुरीच्या प्रश्नावरून झाली. इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांतील खेळाडू प्रामुख्याने गिरणी-कामगार व खाण-कामगार होते. शनिवारी सामना खेळावयाचा म्हणजे त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत असे. तिची भरपाई द्यावी ही उत्तरेकडील मंडळांची मागणी होती. खेळ हा निर्वेतनच असला पाहिजे, असा दक्षिणेकडील सधन धुरीणांचा आग्रह होता. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात भरलेल्या सभेत उत्तरेकडील मंडळांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढे १९०६ मध्ये खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणण्यात आली. १९०७-०८ च्या सुमारास हा खेळ न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया या देशांत रुजला. सिडनीसारख्या शहरात तो कामगार वस्त्यांचा खेळ ठरला.

खेळाची रीत थोडक्यात अशी. लंबगोल चेंडू हाती घेऊन पुढे धावावयाचे, परंतु सहकाऱ्याकडे तो हाताने द्यावयाचा असल्यास मागे किंवा आडवाच द्यावयाचा. प्रतिपक्षाने चेंडूधारकाची पकड करून त्याला जमिनीवर आणले म्हणजे एक ‘टॅकल’ पूर्ण होतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला जसा सात जणांनी मिळून जखडावा लागतो, तशीच ही पकड पुष्कळदा दोघा-तिघांची असते. एका पक्षाला अशा सहा पकडींपर्यंत चेंडू राखता येतो. त्यानंतर तो सोडावा लागतो. प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकविला म्हणजे ‘ट्राय’ होऊन चार गुण मिळतात, आणि त्यानंतरची लाथ खांबांमधून गेल्यास आणखी दोन. देहबल, वेग व सहनशक्ती यांना या खेळात असाधारण मोल आहे. तसेच हा खेळ धंदेवाईक आहे. कामगाराच्या मुलाला केवळ शरीराच्या बळावर अर्थार्जनाची वाट त्यात मोकळी होते. स्थलांतरित समाजाशी या खेळाचे जे नाते जुळले, त्याचे मूळ येथे आहे.

टोंगा : भूमी, स्थलांतर आणि नाते

टोंगा हे सुमारे ७५० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे, शेकडा दीडएक बेटांचे राज्य आहे. वस्ती त्यांतील थोड्याच बेटांवर आहे. टोंगाटापू, हापाई आणि वावाऊ हे त्याचे प्रमुख द्वीपसमूह, आणि टोंगाटापूवरील नुकुआलोफा ही राजधानी. पॅसिफिकमधील इतर बहुतेक द्वीपराज्यांप्रमाणे टोंगा कधी वसाहत झाले नाही. १९०० च्या तहान्वये ते ब्रिटनच्या संरक्षणाखाली होते व ४ जून १९७० रोजी तो संबंध संपला. राजसत्ता अखंड राहिली याचा टोंगन समाजाला मोठा अभिमान आहे. मेथॉडिस्ट ख्रिस्ती पंथ, राजनिष्ठा आणि नातेवाईकांचा विस्तृत गोतावळा, ज्याला टोंगन भाषेत ‘काइंगा’ म्हणतात, हे त्या समाजाचे तीन आधार होत. या गोतावळ्यातील प्रत्येकाचे जे विहित कर्तव्य असते त्याला ‘फातोंगिया’ अशी संज्ञा आहे. हे ओझे आहे, पण ते वाहण्यात प्रतिष्ठा आहे. आपल्याकडील ऋण या कल्पनेशी ते बरेच जुळते.

भूमी अपुरी, उद्योग नाहीत, आणि लोकसंख्या वाढती, अशा स्थितीत १९६० नंतरच्या दशकांत टोंगन लोक न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेचे संयुक्त संस्थान येथे मोठ्या संख्येने जाऊ लागले. न्यूझीलंडच्या कारखान्यांना मजूर हवे होते, तोवर त्यांचे स्वागत झाले. आर्थिक मंदी येताच परवान्याची मुदत उलटलेल्या बेटवासीयांना हुडकण्यासाठी १९७४ ते १९७६ या काळात पोलिसांनी ऑकलंडमधील त्यांच्या घरांवर पहाटेचे छापे घातले. परवान्यापेक्षा अधिक काळ राहिलेल्यांत युरोपीय वंशाचे लोकही होते. परंतु छापे पडले ते प्राधान्याने पॅसिफिक वंशीयांच्या घरांवर. या अन्यायाबद्दल न्यूझीलंड शासनाने १ ऑगस्ट २०२१ रोजी औपचारिक क्षमायाचना केली. म्हणजे ज्या २०१७ सालाचा येथे विचार चालला आहे, त्या साली ती क्षमायाचना अद्याप व्हावयाची होती, आणि छापे अनुभवलेली पिढी आजी-आजोबांच्या वयाची झाली होती.

न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत आपला वंश टोंगन असे नोंदविणारांची संख्या ८२ हजारांहून अधिक होती, आणि त्यांतील बहुसंख्य लोक न्यूझीलंडमध्येच जन्मलेले होते. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील टोंगनांची भर घातल्यास बाहेरचा समाज मूळ देशातील लोकसंख्येहून मोठा ठरतो. हा बाहेरचा समाज घरी जी रक्कम पाठवितो तिचे देशाच्या उत्पन्नाशी असलेले प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांत गणले जाते. मनीऑर्डरीवर चालणारे गाव ही कल्पना कोकणाशी परिचय असलेल्या वाचकास नवी नाही. येथे मनीऑर्डरीवर एक राज्य चालते, एवढाच फरक.

टोंगन वंशाचे विचारवंत एपेली हाऊओफा यांनी १९९० नंतरच्या दशकात मांडलेला एक विचार या संदर्भात उपयुक्त आहे. पॅसिफिकमधील राष्ट्रे ही अफाट समुद्रात विखुरलेले क्षुद्र भूमिकण होत, ही दृष्टी वसाहतकर्त्यांची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेथील लोकांच्या लेखी समुद्र हा अडसर नसून रस्ता आहे. बेटे आणि त्यांच्यामधील समुद्र मिळून त्यांचे जग होते, आणि आधुनिक स्थलांतर म्हणजे त्या जुन्या विशाल जगाचा पुनर्विस्तार होय. हा विचार मान्य केल्यास टोंगा ‘लहान’ आहे की नाही, हा प्रश्न कोठून मोजावयास आरंभ करावयाचा यावर अवलंबून राहतो. २०१७ मधील संघ या प्रश्नाची जणू प्रत्यक्ष कसोटी ठरला.

२०१७ पूर्वीची स्थिती

टोंगाचा राष्ट्रीय खेळ रग्बी युनियन हाच मानला जातो. १९७३ मध्ये ब्रिस्बेन येथे टोंगाच्या युनियन संघाने ऑस्ट्रेलियावर १६–११ असा विजय मिळविला होता, व ती स्मृती देशात दीर्घकाळ जपली गेली. लीगचा राष्ट्रीय संघ प्रथम मैदानात उतरला तो १९८६ मध्ये. ‘माते माआ टोंगा’, म्हणजे ‘टोंगासाठी प्राणार्पण’, हे त्याचे नाव. १९९५ च्या विश्वचषकात इंग्लंडमध्ये पदार्पण करतानाच त्याने न्यूझीलंडला जवळजवळ हरविले होते. वॉरिंग्टन येथील तो सामना टोंगाने २४–२५ असा एका गुणाने गमावला. पुढील सामना पापुआ न्यू गिनीशी २८–२८ असा बरोबरीत सुटला. त्यानंतरच्या २०००, २००८ व २०१३ या तिन्ही विश्वचषकांत संघ गटसाखळीच्या पुढे गेला नाही. २०१३ मध्ये तर स्कॉटलंडसारख्या नवख्या संघाकडून त्याला २४–२६ अशी हार पत्करावी लागली.

या अपयशाचे कारण टोंगन वंशात गुणवत्तेची वाण हे मुळीच नव्हते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील व्यावसायिक मंडळांत टोंगन वंशाचे खेळाडू मोठ्या संख्येने होते. परंतु त्यांतील सर्वोत्तम खेळाडू त्या दोन देशांच्या राष्ट्रीय संघांत जात. मोठ्या देशाकडून खेळण्यात मानधन अधिक, कीर्ती अधिक व सामनेही अधिक. टोंगाच्या वाट्याला दोन प्रकारचे खेळाडू येत: ज्यांना मोठ्या देशाने निवडले नाही ते, आणि मोठ्या देशाकडील कारकीर्द संपत आलेले. १९९५ च्या संघाचा कर्णधार ड्युएन मॅन हा पूर्वी न्यूझीलंडकडून खेळलेला होता. २०१७ च्या संघाचा कर्णधार सिका मानू हाही २००८ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या न्यूझीलंड संघातील होता. पीक कापून नेल्यावर शेतात जे उरेल ते वेचावयाचे, अशी लहान राष्ट्राची स्थिती होती.

नियमाने मोकळी केलेली वाट

ही स्थिती पालटण्यास खेळाच्या आंतरराष्ट्रीय पात्रता-नियमांचे साहाय्य झाले. या नियमांनुसार जन्माने, तसेच आई-वडील अथवा आजी-आजोबा यांच्या जन्मस्थानाच्या नात्याने खेळाडूला एखाद्या देशाचे प्रतिनिधित्व करता येते. शिवाय देशांची श्रेणी लावलेली होती. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड व न्यूझीलंड हे प्रथम श्रेणीत होते. प्रथम श्रेणीच्या एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूस प्रथम श्रेणीच्या दुसऱ्या देशाकडे जाता येत नसे. परंतु वंशाने पात्र असल्यास द्वितीय श्रेणीच्या देशाकडून खेळण्यास त्याला मुभा होती. लहान राष्ट्रांना हात द्यावा, हा त्या मुभेचा हेतू.

नियमांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट होती. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलँड या दोन राज्यांमध्ये दरवर्षी होणारी तीन सामन्यांची मालिका ही त्या खेळातील सर्वाधिक लोकप्रिय व खेळाडूंना सर्वाधिक मोबदला देणारी होय. त्या काळच्या नियमांप्रमाणे न्यूझीलंडची निवड करणारा खेळाडू या मालिकेस मुकत असे. टोंगाची निवड करणारा मात्र, राज्याच्या अटींत बसत असल्यास, मुकत नसे. त्यामुळे ऑस्ट्रेलियात वाढलेल्या टोंगन तरुणाला वंशाच्या हाकेस ओ देताना आर्थिक हानी सर्वस्वी सोसावी लागत नव्हती. तथापि नियम हा केवळ वाट मोकळी करतो. त्या वाटेने कोणी जाईलच असे नाही. हीच मुभा पूर्वीही बऱ्याच अंशी उपलब्ध होती, आणि तरी प्रवाह उलट दिशेनेच वाहत होता.

२०१७ : घटनाक्रम

वर्षाचा प्रारंभ सामान्य होता. मे महिन्यात सिडनीजवळील कॅम्पबेलटाऊन येथे टोंगाने फिजीवर २६–२४ असा निसटता विजय मिळविला. ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक क्रिस्टियन वुल्फ हे २०१४ पासून संघ बांधीत होते. त्यांच्या कामाचा भर डावपेचांइतकाच संघाच्या टोंगन स्वरूपावर होता. शिबिरात प्रार्थना, स्तोत्रगायन व वडीलधाऱ्यांचा सहवास यांना स्थान होते. बाहेर वाढलेल्या, टोंगन भाषा तुटकच येणाऱ्या तरुणांना हे शिबीर घरी परतण्याचे स्थळ वाटू लागले.

निर्णायक घटना ऑक्टोबरमध्ये घडली. जेसन ताऊमालोलो याने न्यूझीलंडऐवजी टोंगाकडून खेळण्याचे ठरविले. त्याचे महत्त्व समजण्यासाठी त्याचे त्या वेळचे स्थान लक्षात घेतले पाहिजे. तो ऑकलंडला जन्मला व क्वीन्सलँडमध्ये खेळाडू म्हणून घडला. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठीचे ‘डॅली एम’ पदक त्याला विभागून मिळाले होते, आणि २०१७ मध्येच आपल्या मंडळाशी त्याने दहा वर्षांचा, त्या खेळात अभूतपूर्व असा, करार केला होता. तो चोवीस वर्षांचा होता. कारकीर्दीच्या ऐन भरात असलेल्या, आणि न्यूझीलंड संघाचा आधारस्तंभ समजल्या जाणाऱ्या खेळाडूने लहान राष्ट्राची निवड करावी, हे आजवर घडले नव्हते. त्याच सुमारास अँड्र्यू फिफिटा याने ऑस्ट्रेलियाच्या संघातील आपली जागा सोडून टोंगाची वाट धरली. डेव्हिड फुसितुआ, मानू माऊ, सिओ सिउआ ताउकेइआहो हे न्यूझीलंडकडून, तर मायकेल जेनिंग्ज हा ऑस्ट्रेलियाकडून पूर्वी खेळलेला खेळाडूही संघात होता. मोठ्या देशांच्या मानाने टोंगाकडून मिळणारे मानधन अल्प होते.

विश्वचषकाचे सामने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व पापुआ न्यू गिनी येथे झाले. टोंगाने २९ ऑक्टोबर रोजी केर्न्स येथे स्कॉटलंडचा ५०–४ असा धुव्वा उडविला, आणि ४ नोव्हेंबर रोजी हॅमिल्टन येथे सामोआवर ३२–१८ अशी मात केली. त्या सामन्यापूर्वी ऑकलंडमध्ये दोन्ही समाजांतील काही तरुणांत चकमकी झाल्या होत्या. सामना संपल्यावर दोन्ही संघांनी मैदानाच्या मध्यभागी एकत्र प्रार्थना करून त्यांना उत्तर दिले. ११ नोव्हेंबर रोजी हॅमिल्टन येथेच न्यूझीलंडशी गाठ पडली. सामन्यापूर्वी न्यूझीलंडचा ‘हाका’ व टोंगाचे ‘सिपी ताऊ’ ही दोन्ही युद्धनृत्ये समोरासमोर, एकाच वेळी झाली. मध्यंतरास टोंगा २–१६ असा मागे होता. उत्तरार्धात त्याने २६ गुण मिळविले आणि सामना २८–२२ असा जिंकला. फुसितुआने एकट्याने तीन ट्राय केले. वॉरिंग्टनला एका गुणाने हुकलेला विजय बावीस वर्षांनी पदरी पडला. या पराभवामुळे गटात दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या न्यूझीलंडला पुढे फिजीने २–४ असे बाद केले.

उपांत्यपूर्व फेरीत क्राइस्टचर्च येथे लेबॅननवर २४–२२ असा कष्टसाध्य विजय मिळाला. २५ नोव्हेंबर रोजी ऑकलंडच्या माउंट स्मार्ट मैदानावर, सुमारे तीस हजार प्रेक्षकांसमोर, इंग्लंडशी उपांत्य सामना झाला. सामन्याची सुमारे सात मिनिटे उरली असता इंग्लंड २०–० असा पुढे होता. तेवढ्या अवधीत टोंगाने तीन ट्राय करून धावफलक २०–१८ वर आणला. अखेरच्या क्षणी फिफिटा रेषेकडे झेपावला असता चेंडू त्याच्या हातून सुटला. तो प्रतिपक्षाच्या धक्क्याने नियमबाह्य रीतीने सुटला की नाही, हा वाद पुढे बराच काळ चालला. पंचांचा निर्णय टोंगाच्या विरुद्ध गेला आणि सामना तेथेच संपला.

लाल रंगाचा अर्थ

या काळात दक्षिण ऑकलंडमधील ओटाहुहू, मांगेरे आदी उपनगरांचे रस्ते टोंगाच्या लाल ध्वजांनी भरून गेले. मोटारींवर, दुकानांवर, प्रार्थनामंदिरांवर ध्वज होते. प्रेक्षागारांत स्तोत्रे गायिली जात. या दृश्याकडे केवळ क्रीडाप्रेमाचा आविष्कार म्हणून पाहणे अपुरे ठरेल. याच उपनगरांच्या परिसरात चार दशकांपूर्वी टोंगन असणे ही दडविण्याची गोष्ट होती. पहाटे दारावर थाप पडू नये म्हणून ज्यांनी दिवे मालवले, त्यांच्या नातवंडांनी भर दुपारी ध्वज मिरविला.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या तरुणाने टोंगाचा ध्वज घेतला म्हणजे त्याने न्यूझीलंडचा त्याग केला, असे त्या वेळी काहींनी मानले. परंतु ताऊमालोलोसारख्या खेळाडूंची स्पष्टीकरणे पाहिल्यास त्यांत एका देशाच्या विरोधाचा सूर क्वचितच आढळतो. आई-वडिलांचे व आजी-आजोबांचे ऋण फेडण्याचा सूर प्रधान आहे. म्हणजे ही भाषा नागरिकत्वाची नसून फातोंगियाची आहे. मानववंशशास्त्रज्ञ हेलन ली यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोंगन स्थलांतरितांवरील ग्रंथात दुसऱ्या पिढीविषयी एक चिंता चर्चिली होती: मूळ देशात पैसा पाठविण्याची जबाबदारी पहिल्या पिढीने निष्ठेने पार पाडली, पण परदेशी जन्मलेली पिढी ती तशीच वाहील काय? २०१७ मधील घटना या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नव्हे. तरीही ऋणाची जाणीव पुढील पिढीत लोपलेली नाही, ती नवे माध्यम शोधते, एवढे त्यातून निश्चित दिसते. पूर्वी ऋण पैशाने फेडले जाई. येथे ते देहाने आणि नावाने फेडले गेले.

वाढीची मर्यादा

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. संघाची कीर्ती वाढली हे उघड आहे. त्याचा प्रत्यक्ष परिणामही झाला. २० ऑक्टोबर २०१८ रोजी ऑस्ट्रेलियाने टोंगाशी प्रथमच कसोटी सामना खेळला व तो ३४–१६ असा जिंकला. २ नोव्हेंबर २०१९ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानावर टोंगाने ऑस्ट्रेलियावर १६–१२ असा विजय मिळविला. त्यापूर्वीच्या आठवड्यात ग्रेट ब्रिटनही १४–६ असा पराभूत झाला होता.

परंतु हे दोन विजय ज्या संघाने मिळविले त्याचे अधिकृत नाव त्या वेळी ‘टोंगा निमंत्रित संघ’ असे होते, ही बाब अर्थपूर्ण आहे. २०१९ मध्ये टोंगातील तत्कालीन नियामक संघटना व प्रशिक्षक वुल्फ यांच्यात संघर्ष होऊन संघटनेने प्रशिक्षकांना दूर केले. खेळाडू प्रशिक्षकांच्या बाजूने उभे राहिले. आंतरराष्ट्रीय संस्थेने संघटनेस निलंबित केले, आणि २०२० मध्ये तिचे सदस्यत्व रद्द केले. संघ जगातील बलाढ्य संघांत गणला जात असताना त्याच्या पाठीशी उभी असलेली संस्था कोसळली. वृक्षाचा विस्तार डोळ्यांत भरावा आणि मुळाशी माती नसावी, तसे हे होते.

याचे कारण वाढीच्या स्वरूपातच आहे. खेळाडू घडविण्याचे काम टोंगाच्या संस्थांनी केले नव्हते. ते ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शाळा व व्यावसायिक मंडळे करीत आली आहेत. टोंगाने त्यांना आमंत्रण दिले, ओळख दिली, प्रयोजन दिले. पगार दिला नाही. हे खेळाडू वर्षातील थोडेच आठवडे राष्ट्राच्या वाट्याला येतात, आणि त्यांच्या उपलब्धतेवर मंडळांचा अधिकार मोठा असतो. बेटांवरील गुणवान मुलगा शिष्यवृत्ती मिळून ऑकलंडला किंवा सिडनीला जातो, तेव्हा देशांतर्गत स्पर्धा त्या प्रमाणात दुबळी होते. तो पुढे राष्ट्रीय संघात परत येतो हे खरे. पण नुकुआलोफाच्या मैदानात परत येत नाही. म्हणून संघाची वाढ आणि बेटांवरील खेळाची वाढ या एकच नव्हेत, आणि पहिलीमुळे दुसरी आपोआप घडत नाही.

यावर एक प्रत्युत्तर संभवते, आणि ते दुर्लक्षणीय नाही. हाऊओफा यांच्या दृष्टीने पाहिल्यास ऑकलंडमधील टोंगन मुलगाही टोंगाच्या जगातलाच आहे. मग त्याची वाढ ‘बाहेरची’ कशी? हे तत्त्वतः मान्य केले तरी संस्थांचा प्रश्न उरतोच. नात्यांचे जग समुद्रापार पसरू शकते. निधी, पंच, प्रशिक्षणवर्ग व मैदाने यांना मात्र एक ठिकाण लागते. विस्तारित समाजाने संघ उभा केला, तशीच विस्तारित समाजाने चालविलेली व बेटांना उत्तरदायी असलेली संस्था उभी राहिली, तरच २०१७ मधील वाढ टिकाऊ म्हणता येईल. २०१९-२० मधील संघर्ष हा वस्तुतः याच प्रश्नावरील संघर्ष होता: टोंगाचा संघ कोणाचा? बेटांवरील नोंदणीकृत संघटनेचा, की समुद्रापारच्या खेळाडूंचा व प्रेक्षकांचा?

उत्तरपरिणाम

टोंगाच्या उदाहरणाचा सर्वांत मोठा परिणाम कदाचित टोंगाबाहेर झाला. लांबणीवर पडून २०२२ मध्ये भरलेल्या पुढील विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियातील अनेक नामांकित तरुण खेळाडूंनी सामोआची निवड केली. उपांत्यपूर्व फेरीत त्याच वॉरिंग्टन येथे सामोआने टोंगाला २०–१८ असे हरविले, आणि पुढे तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. जी वाट टोंगाने मळविली, तिच्यावरून शेजारी पुढे गेला. टोंगाची उमेद त्यामुळे ओसरली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने ऑकलंड येथे न्यूझीलंडवर २५–२४ असा विजय मिळविला व पॅसिफिक चषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून तो १४–२० असा पराभूत झाला.

समारोप

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, २०१७ मधील टोंगाची वाढ ही नव्या गुणवत्तेची निर्मिती नव्हती. इतरत्र वाहत असलेल्या गुणवत्तेची दिशा बदलण्याची ती घटना होती. नियमांनी ती शक्य केली. आणि नात्याच्या ऋणाने ती घडविली. दुसरा असा की, स्थलांतरित समाजाच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीत राष्ट्रभावना केवळ क्षीणच होत जाते हे मत तपासून घेण्यासारखे आहे. योग्य प्रसंग मिळाल्यास ती नव्या अर्थाने प्रकट होते, आणि पूर्वी अवमान सोसलेल्या समाजात ती विशेष उत्कट असते. तिसरा निष्कर्ष सावधगिरीचा आहे. संघ नात्यावर उभा राहतो. खेळ मात्र संस्थेवर उभा राहतो. लहान राष्ट्राच्या क्रीडासमाजाच्या वाढीचे मोजमाप करताना विजयांच्या यादीबरोबरच त्या राष्ट्राच्या भूमीवरील शाळा, मैदाने व संघटना यांची नोंद घेतली पाहिजे. या दुसऱ्या नोंदवहीची पाने भरण्याचे काम टोंगात २०१७ मध्ये झाले नाही, आणि त्या वर्षाने मागे ठेवलेले खरे कार्य तेच होय.